यादवीचा कवी ल्यूकन

रोममधील यादवीचे महाकाव्य रचणारा ल्यूकन इ. स. ३९ मध्ये स्पेनमधील कॉर्दोबा येथे जन्मला. तत्त्ववेत्ता सेनेका हा त्याचा चुलता. सीझर आणि पाँपी हे सासरा-जावई. त्यांच्या वैराचा निकाल इ. स. पू. ४८ मध्ये फार्सेलसच्या रणांगणावर लागला, आणि तोच ल्यूकनचा विषय.

व्हर्जिलच्या महाकाव्यात देव मानवी कलहात पडतात. ल्यूकनने त्यांना रजा दिली. पातक माणसांचे, मग त्याचा भार देवांवर का घालावा? पाँपी म्हणजे मुळे सैल झालेला, तरीही पूज्य असा जुना ओक वृक्ष. सीझर म्हणजे वीज. कवीचे मन मात्र केटोपाशी रमते. लिबियाच्या वाळवंटात एका सैनिकाने शिरस्त्राणात घोटभर पाणी आणले. केटोने ते वाळूत ओतून दिले, आणि त्या दृश्यानेच साऱ्या सैन्याची तहान निवली. (पुढील सर्पदंशांची वर्णने फारच ताणलेली आहेत.)

काव्यारंभी नीरोची स्तुती आहे. पुढे त्याच नीरोने कवीच्या काव्यप्रसिद्धीस मनाई केली. इ. स. ६५ च्या कटात ल्यूकन सापडला. अभयाचे वचन मिळताच त्याने प्रत्यक्ष आईचे, असिलियाचे, नाव सांगितले, असे टॅसिटस लिहितो. केटोचे धैर्य गाणारा हाच तो कवी! शिरा तोडून घेतल्यावर मात्र तो स्थिर राहिला. रक्तबंबाळ होऊन मरणाऱ्या सैनिकावरील स्वतःच्याच ओळी म्हणत त्याने पंचविसाव्या वर्षी प्राण सोडला. दहावा सर्ग अपुरा राहिला. असिलियाला शिक्षा झाली नाही, आणि निर्दोषही ठरविले गेले नाही.