स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना



‘वय झाले, आता विसरायचेच!’ हे वाक्य घरोघरी इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यामागे एखादा आजार असू शकेल, ही शंकाही कोणाला येत नाही. चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे हे वयोमानाचे विस्मरण होय. परंतु आयुष्यभर केलेला बाजारहाटाचा हिशेब जमेनासा होणे, नेहमीच्या वाटेवर चुकणे, घटकाभरात तोच प्रश्न चारदा विचारणे, ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले.

स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे त्याचे पहिले वर्णन मांडले, ते एका रुग्ण स्त्रीच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची तपासणी करून. पेशींबाहेर साचणारे अ‍ॅमिलॉइड आणि पेशींच्या आत गुंता करणारे टाऊ, या दोन प्रथिनांच्या खुणा त्यांना दिसल्या होत्या. पुढे अनेक दशके या रोगाची निश्चिती मृत्यूनंतरच होत असे.

शरीरातील ज्या मोजता येण्याजोग्या खुणेवरून रोगाची चाहूल लागते, तिला जैवनिर्देशक अथवा बायोमार्कर म्हणतात. लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे हे बदल मेंदूत सुरू झालेले असतात. प्रथम पाठीच्या कण्यातील द्रव काढून आणि नंतर पेट स्कॅनद्वारे ते जिवंतपणी ओळखता येऊ लागले. तथापि पहिली पद्धत कष्टाची, तर दुसरी फार खर्चाची. म्हणूनच मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक यंत्रणेने या रोगाच्या निदानास साहाय्यभूत अशा पहिल्या रक्तचाचणीस दिलेली मान्यता महत्त्वाची ठरते.

या चाचणीची मर्यादाही जाणून घेणे अगत्याचे आहे. ती लक्षणे असलेल्या, पंचावन्न वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आहे. निरोगी माणसाचे भविष्य वर्तविण्यासाठी नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही रक्तातील टाऊचे प्रमाण वाढलेले आढळते. सारांश, जैवनिर्देशक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

ग्रामीण भारतात या साक्षीदाराचे मोल विशेष आहे. स्मरणशक्तीच्या अनेक रूढ चाचण्यांत वाक्य लिहावयास किंवा शंभरातून सात-सात वजा करावयास सांगतात. शाळेची पायरी न चढलेली वृद्धा त्यात नापास होईल. पण तिची बुद्धी शाबूत असेल. ही अडचण ओळखूनच हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात स्वतंत्र प्रश्नावली तयार करण्यात आली. रक्तातील प्रथिन कोणाचे शिक्षण विचारीत नाही. मात्र ती वृद्धा चूल, व्यवहार आणि औषधे सांभाळू शकते किंवा नाही, हे रक्त सांगत नाही. ते घरची माणसेच सांगू शकतात.

यास्तव पहिली तपासणी घरातच व्हावयास हवी. कोणता बदल केव्हापासून जाणवला, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि योग्य उपचारांनी ते बरेच सुधारू शकते. ‘म्हातारचळ’ म्हणून दुर्लक्ष केल्यास ही संधी हातची जाते.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने चौदा धोकादायक घटक सांगितले. आयुष्यभर त्यांचे निवारण झाल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, एकाकीपणा यांबरोबरच बालपणीचे अपुरे शिक्षणही त्यांत आहे. गळतीच्या वाटेवरील मुलीला शाळेत टिकविणारा शिक्षक तिच्या म्हातारपणाचीही काळजी वाहत असतो. ग्रामपंचायतींनी आरोग्य शिबिरांत वृद्धांचा रक्तदाब, साखर व श्रवणशक्ती तपासण्याची व्यवस्था करावी आणि ज्यांच्या वागण्यात बदल जाणवतो, त्यांना वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. त्यासाठी नव्या चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही.