झिजायची जागा



गेल्या महिन्यात आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. चौदा वर्षांचा होता. खोबऱ्याचं वाटण अर्ध्यावर असताना जळका वास आला, खालच्या जाळीतून ठिणग्या दिसल्या आणि तो थांबला. सेवाकेंद्रात नेला. तिथल्या मुलाने तो उघडलासुद्धा नाही. "काका, हे मॉडेल बंद झालं. नवीनच घ्या."

मग मी तो पिशवीत घालून शहराच्या जुन्या भागातल्या एका दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांनी चार स्क्रू काढले, मोटर आडवी केली आणि नखाएवढे दोन काळे तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाले, "कार्बन संपलाय. मोटर ठणठणीत आहे."

आज मला त्या दोन तुकड्यांबद्दलच बोलायचं आहे.

मिक्सरच्या मोटरीत फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायची, तर काहीतरी त्याला सतत घासत राहावं लागतं. फिरतो तो तांब्याचा कम्युटेटर, घासतो तो कार्बन. दोन वस्तू घासल्या की झीज ठरलेलीच. पण झिजायचं कोणी, हे माणसाला ठरवता येतं. ज्याने ही रचना केली त्याने ठरवलं की तांब्याने नाही, कार्बनने झिजायचं. कार्बन मऊ आणि स्वस्त. मागे एक स्प्रिंग लावली की झिजेल तसा तो आपोआप पुढे सरकतो. भांडं अडकलं तर त्याला मोटरशी जोडणारा कपलर तुटतो आणि मोटर वाचते. भार फार झाला तर तळाचं बटण उडतं. म्हणजे यंत्र बिघडणार हे गृहीत धरून, बिघाड कुठे व्हावा याची जागा आधीच नेमलेली आहे. वापरणाऱ्या माणसाचा एवढा विचार कुणीतरी केला आहे, हे पाहून मला खरोखर गहिवरून आलं.

ही अक्कल आपल्या घरांत यंत्रांच्या आधीपासून होती. साडीला फॉल लावतात तो काय असतो? जमिनीवर घासायचं ते फॉलने, काठाने नाही. विरला की उसवायचा, दुसरा लावायचा. वडिलांच्या शर्टाची कॉलर मानेशी फाटली की शिंपी ती उसवून उलटी लावून देई आणि शर्ट आणखी दोन वर्षं चाले.

आणि कल्हई! ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना त्या नवसागराचा वास आत्ताही आला असेल. गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला खड्डा करून भाता लावायचा. पातेलं निखाऱ्यांवर तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झपकन फिरवायचं. काळपट पितळ आतून चांदीसारखं उजळायचं. आम्ही मुलं श्वास रोखून बघायचो. त्या पातळ थराचं काम एकच: आंबट पदार्थ आणि पितळ यांच्या मध्ये उभं राहणं. तो नसला की ताक कळकायचं. घासून घासून थर उडाला की पुन्हा कल्हई. पातेलं मात्र आजीचं नातसुनेपर्यंत यायचं. कळकणं हा शब्दही आता आपल्या स्वयंपाकघरातून गेला आहे.

जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. पाट्याला टाकी लावून घ्यायची वेळ यायची, कारण त्यावर कुणीतरी रोज वाटत असायचं. ते कुणीतरी म्हणजे आमची आई. पाटा तिच्या हातांनी झिजायचा आणि तिचे खांदे पाट्याने. मिक्सर घरी आला त्या दिवशी ती किती वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसली होती, हे मी विसरलेलो नाही. माझं भांडण यंत्राशी नाही. उघडता न येणाऱ्या यंत्राशी आहे.

झिजायची जागा नेमण्याची हीच अक्कल उलटीही वापरता येते. १९२४ साली ओसराम, फिलिप्स आणि इतर मोठ्या बल्बउत्पादकांनी जिनिव्हात एक संघ स्थापन केला, त्याचं नाव फीबस. बल्बचं आयुष्य एक हजार तासांवर आणायचं त्यांनी ठरवलं. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत होते. तार जास्त टिकवायची तर उजेड कमी पडतो, हा तांत्रिक मुद्दा खरा आहे. पण या संघात नमुने तपासले जात आणि ज्याचा बल्ब फार टिकेल त्या सभासदाला दंड होई. टिकण्याबद्दल दंड! इथे झीज माणसाच्या सोयीसाठी नेमलेली नाही, विक्रीसाठी नेमलेली आहे.

आता तुमच्या खिशातला फोन घ्या. त्यात सगळ्यात आधी थकणार ती बॅटरी. पाचेकशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद जाणवण्याइतकी उतरते, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. पूर्वी फोनची पाठ नखाने निघायची. आज अनेक फोनांत तीच बॅटरी गोंदाने आत चिकटवलेली असते. यातून फोन बारीक होतो, पाण्यापासून वाचतो, हे मान्य. तरी जो भाग नक्की झिजणार तोच हाताबाहेर ठेवायचा, याला माझं मन तयार होत नाही. फॉल साडीच्या आत विणून टाकावा तसं हे झालं.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये याबाबत कायदा केला. काही अपवाद सोडून, उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, ही त्यातली अट १८ फेब्रुवारी २०२७ पासूनची आहे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने निवडली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू झालं. कायद्याचं बळ मात्र अजून यायचं आहे. तोवर दुकानात उभे असताना आपण एवढं तरी विचारू या: यातलं आधी काय जाईल, आणि ते सुटं मिळेल का?

माझ्या मिक्सरच्या मापाचा कार्बन बाजारात मिळाला नाही. दुरुस्तीवाल्यांनी डब्यातून एक मोठा काढला, गुडघ्यावर काचकागद पसरला आणि तो घासायला बसले. घासायचे, खाचेत घालून बघायचे, पुन्हा घासायचे. बोटं काळी झाली होती. पाऊण तास लागला. मी विचारलं, हे काम कुणी शिकतंय का तुमच्याकडे? त्यांनी मान हलवली, कार्बन उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "अजून थोडा घट्ट बसतोय." आणि पुन्हा घासायला लागले.