कुटुंबसंस्था : चूल, नाते आणि हक्क



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळा हे व्याख्यान योजते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय कोणता याचा विचार करताना माझे मन कुटुंबसंस्थेपाशी येऊन थांबले. शाळा आणि घर ही मुलाला घडविणारी दोन स्थाने. शाळेविषयी आपण नेहमीच विचार करतो. घराविषयी प्रेमाने बोलतो, अभिमानाने बोलतो, परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांच्या संदर्भात तसे पाहण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

एकत्र कुटुंब मोडले आणि समाजाची घडी विस्कटली, असा सूर आपल्याकडे वरचेवर ऐकू येतो. त्यातील खंत खोटी नाही. परंतु समाजशास्त्र आधी असे विचारते की कुटुंब म्हणजे नेमके काय, आणि ते समाजासाठी कोणते कार्य करते? अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ मध्ये अडीचशे समाजांची माहिती तपासून कुटुंबाची चार कार्ये सांगितली : स्त्री-पुरुष संबंधांचे नियमन, प्रजोत्पादन, आर्थिक सहकार्य आणि मुलांचे शिक्षण. पुढे टॅल्कट पार्सन्स यांनी असे मांडले की औद्योगिक समाजात यांतील बरीचशी कार्ये इतर संस्थांकडे जातात आणि कुटुंबाकडे दोनच उरतात : मुलावर संस्कार करणे आणि प्रौढ माणसाच्या मनाला आधार देणे. अशा समाजाला लहान, सुटसुटीत कुटुंबच मानवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आपल्याकडे कार्यांची अशी वाटणी झाली, यात संशय नाही. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि अक्षरओळखीचे जे काम काही थोड्या घरांपुरते होते, ते सर्वांसाठी शाळेने उचलले. आजारपण आरोग्यकेंद्राकडे गेले, बाळंतपण इस्पितळाकडे गेले. तरीसुद्धा कुटुंब लहान झाले म्हणजे ते दुबळे झाले, हा निष्कर्ष आपल्या भूमीत जसाच्या तसा लागू पडतो का?

येथे दोन भारतीय अभ्यासकांची मदत होते. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. एका छपराखाली किती माणसे राहतात, यावरून कुटुंबाचे एकत्रपण मोजू नये; परस्परांशी ती कोणत्या कर्तव्यांनी बांधलेली आहेत, यावरून ते मोजावे, असे त्यांचे म्हणणे होते. ए. एम. शाह यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात बिऱ्हाड आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात, असा आग्रह धरला. बिऱ्हाड म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. कुटुंब त्याहून मोठे असते.

हा भेद समजण्यासाठी आपल्याला ग्रंथ उघडण्याची गरज नाही. चवथ पुरेशी आहे. मूळ घरात वर्षभर एखादे वृद्ध जोडपे राहत असेल. एक भाऊ पर्वरीला, दुसरा वास्कोला, तिसरा मुंबईला. चुली चार. परंतु गणपती एकच, आणि तो मूळ घरातच. माटोळी बांधायला सगळे हात एकत्र येतात, खर्चाचा वाटा ठरलेला असतो. सुतक आले तर ते चारही चुलींना लागते. जनगणनेच्या कागदावर ही चार कुटुंबे असतील. देव्हाऱ्यापुढे ते एकच आहे.

हे नाते केवळ सणापुरतेही नाही. डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्यात कितीतरी घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ट्रक एका भावाच्या नावावर असे. पण हमी दुसऱ्याची, आणि प्रसंगी दागिने वहिनीचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पुन्हा थांबल्या. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकचा बोजा त्या घरांनी कसा पेलला? सरकारी साहाय्य होतेच. परंतु रोजची भाजीभाकरी नोकरीवर असलेल्या भावाने, शिकवणी घेणाऱ्या वहिनीने, सासरहून माहेरी हातभार लावणाऱ्या बहिणीने चालविली. पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्रे भागात, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय वाढला. त्यातही अनेक ठिकाणी घरातल्या सर्वांचे हात राबतात. पार्सन्स यांनी ज्याला गतकालीन ठरविले, ते आर्थिक सहकार्य आपल्या कुटुंबांत आजही जिवंत आहे.

तेव्हा कुटुंब मोडले, या विलापात मी माझा सूर मिसळणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कुटुंबाची कर्तव्ये जर सर्वांनी मिळून उचलली, तर त्याचे हक्क सर्वांना मिळतात का? आणि हा प्रश्न विचारला की आपल्याला घरातल्या मुलीकडे पाहावे लागते.

कायद्याच्या दृष्टीने गोव्याची मुलगी भाग्यवान म्हणावी लागेल. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली आला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. मुलगा आणि मुलगी यांना आईवडिलांच्या मालमत्तेत समान वाटा, हे तिचे तत्त्व. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक मानली जाते, आणि पत्नीच्या संमतीशिवाय पतीला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. मुले असताना निम्म्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने इतरत्र देता येत नाही. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ही व्यवस्था चालू ठेवली. वारसाहक्काचा भाग पुढे गोव्याच्या विधानसभेने नव्या कायद्यात घातला. तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील एका निकालपत्रात गोव्याचे उदाहरण गौरवाने सांगितले आहे.

अर्थात ही व्यवस्था सर्वस्वी निर्दोष नव्हती. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये जी संहिता काढली गेली, तिने पत्नीला ठरावीक वयापर्यंत अपत्य किंवा मुलगा झाला नाही तर, तिच्या संमतीने, पतीला दुसऱ्या विवाहाची सवलत ठेवली होती. म्हणजे मुलीला वाटा देणाऱ्या त्याच राजवटीने मुलाविना घर अपुरे, ही समजूतही कागदावर उतरविली. कायदा आणि रूढी यांची ओढाताण अशी फार जुनी आहे.

आता व्यवहार पाहा. वडील निवर्ततात. दिवसकार्य आटोपते. काही महिन्यांनी बहिणींना निरोप जातो की नोटरीकडे यायचे आहे, सोबत जावयालाही आणावे. समाईक मालमत्तेच्या नियमामुळे जावयाचीही सही लागते. दस्त तयार असतो. वडिलार्जित मालमत्तेतील आपला अविभक्त हक्क आपण स्वखुशीने सोडीत आहोत, अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. बहीण सही करते, चहा होतो, आणि ती संध्याकाळच्या बसने परत जाते. मी येथे कोणा एका घराची गोष्ट सांगत नाही. श्रोत्यांपैकी अनेकांनी असा दस्त पाहिला असेल.

मी अध्यापन करीत असताना विद्यार्थ्यांना आपापल्या घराची वंशावळ काढून आणायला सांगत असे. आजोबा, चुलते, त्यांचे मुलगे, सारे नीट मांडलेले असत. आत्याचे नाव मात्र बहुधा राहून जाई. विचारले तर मुले सांगत, "तिचे लग्न झाले ना!" मुलांना हे कोणी मुद्दाम शिकविले नव्हते. घराच्या हवेतून त्यांनी ते घेतले होते. समाजशास्त्र ज्याला सामाजीकरण म्हणते, ते हेच.

ही रूढी कायद्याहून किती बळकट आहे, ते पाहायचे असेल तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला जावे. तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर आपली सोयरीक आहे. डिचोली आणि दोडामार्ग यांचेही तसेच. पलीकडच्या मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला. परंतु वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तोही त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. साऱ्या देशासाठी ती दुरुस्ती २००५ मध्ये झाली. म्हणजे अलीकडची मुलगी पलीकडच्या मुलीच्या कितीतरी पुढे होती. तरीही हक्क सोडल्याचा कागद दोन्ही काठांवर सारखाच होतो. दोन कायदे नदीपाशी थांबतात. रूढी मात्र नदी ओलांडून जाते.

कुटुंबाबाहेरच्या संस्थांनीही या रूढीला आधार दिला. देवस्थानांसाठी १८८६ मध्ये जी नियमावली झाली, तिच्यानुसार महाजनांच्या नोंदवहीत पुरुष वारसांची नावे चढतात. कोमुनिदादीचे गावकारपणही पुरुषाकडून पुरुषाकडे आले. घरातल्या वाट्याला कायद्याने मान्यता दिली, पण गावात आणि देवळात मुलगी वारस म्हणून उभी राहिली नाही. मग तिने घरात वाटा मागितला की तो आगाऊपणा वाटू लागला.

आणि गंमत अशी, की आपल्या लोकमानसाने देवतांच्या बाबतीत हा नियम पाळलेला नाही. सात बहिणी आणि एक भाऊ यांची कथा आपण सारे जाणतो. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई. आणि लोकश्रद्धेने जिला म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीत पाहिले ती मिराबाई. भाऊ खेतोबा. या बहिणींपैकी प्रत्येकीला स्वतंत्र गाव आहे, स्वतंत्र स्थान आहे, स्वतंत्र मान आहे. भावंडांत रुसवाफुगवा झाल्याचे कथा सांगते. पण कोणत्याही बहिणीने आपले गाव भावाला सोडून दिल्याचे सांगत नाही. डिचोलीपासून पेडण्यापर्यंतची भूमी ज्या लोकांनी बहिणींच्या नात्याने जोडली, त्यांनाच बहिणीचा वाटा परका वाटावा, हे विचार करण्याजोगे आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला, जमिनीचे तुकडे पडतील. परंतु चार भावांत तुकडे पडतात तेव्हा ही चिंता कोणी करीत नाही. शिवाय आपल्या वारसा-विभागणीच्या न्यायालयीन प्रक्रियेत, जिला आपण इन्व्हेंटरी म्हणतो, वारसांनी आपसांत बोली लावून एखादी वस्तू एकाने घ्यावी आणि इतरांना त्यांचे मूल्य द्यावे, अशी सोय आहे. घर अखंड ठेवून बहिणीचा वाटा देता येतो.

दुसरा आक्षेप, लग्नात तिच्यावर खर्च झाला, पहिल्या चवथीला ओझे पाठविले, पुढेही देणेघेणे चालूच आहे. हे खरे आहे, आणि त्यातील माया मी कमी लेखत नाही. परंतु भेट आणि हक्क यांत अंतर आहे. भेट देणाऱ्याच्या मर्जीवर असते. शिवाय लग्नाचा खर्च मुलाच्याही लग्नात होतोच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : भावाबहिणीचे नाते तुटेल. येथे बहिणीचे मन समजून घेतले पाहिजे. ती सही करते ती अज्ञानाने करते असे मला वाटत नाही. वाटा सोडून ती माहेर राखते. उद्या सासरी काही विपरीत घडले तर जायला एक दार असावे, हा तिचा हिशेब असतो, आणि तो शहाणपणाचा आहे. परंतु ज्या दाराची किंमत अशी आगाऊ मोजावी लागते, त्याला आपण माहेर म्हणावे का? मुलाला घर मिळते आणि प्रेमही मिळते. मुलीने मात्र दोहोंतून एक निवडायचे, ही अट नात्याला बळकटी देणारी नाही.

आणि काळही थांबलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यात एका स्त्रीमागे सरासरी १.३ अपत्ये आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यातील ११ टक्क्यांहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. अनेक घरांत एकच अपत्य असेल, आणि त्यांपैकी कितीतरी घरांत ती मुलगी असेल. आईवडिलांची औषधे तीच आणील, इस्पितळात रात्र तीच काढील. आजही ती काढते. मग माटोळी कोण बांधणार, मूळ घराची किल्ली कोणाकडे राहणार, महाजनांच्या वहीत पुढचे नाव कोणाचे लिहिणार? पुरुषाच्या नावावरच कुटुंब चालते, हा हट्ट धरला तर अनेक कुटुंबे एका पिढीत संपतील. आणि ती संपतील ती माणसे नाहीत म्हणून नव्हे, तर असलेल्या माणसाला आपण मोजले नाही म्हणून.

मी कोणाला न्यायालयाची पायरी चढायला सांगत नाही. हक्क सोडण्याचाही माणसाला हक्क आहे. समजून-उमजून, मोकळ्या मनाने एखाद्या बहिणीने तो सोडला तर तिचा सन्मानच आहे. माझे मागणे तीन साध्या गोष्टींचे आहे. सहीपूर्वी दस्त तिला घरी वाचायला द्यावा. मालमत्ता किती, कोठे आहे आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत, हे तिला सांगावे. आणि "तुला काय वाटते?" हा प्रश्न भावाने, नोटरीच्या दारात नव्हे, तर आईच्या समोर, घरात बसून विचारावा. विमानतळासाठी, रस्त्यासाठी जमिनी जाताना ज्यांनी मोबदल्यावरून भावंडांत कटुता आलेली पाहिली आहे, त्यांना या संभाषणाचे मोल पटेल.

शाळेकडेही एक मागणे आहे. घर जे नकळत शिकविते ते तपासून पाहण्याचे बळ मुलाला शाळाच देऊ शकते. येथील मुलांनी कधी वंशावळ काढली, तर तीत आत्याचे, आजीच्या बहिणीचे, मुलींच्या मुलींचे नाव आले पाहिजे, एवढे शिक्षकांनी पाहावे. कागदावर आलेले नाव मनात उतरायला फार वेळ लागत नाही.

कुटुंब ही समाजाची पहिली शाळा, असे आपण म्हणतो. न्यायाचा पहिला धडाही मग तेथेच मिळाला पाहिजे. तो दोन भावंडांत वेगवेगळा शिकविला गेला, तर पुढे कोणत्याही संहितेला तो पुसता येत नाही, हे आपल्या दीडशे वर्षांच्या अनुभवाने दाखविले आहे.