बोटीवरची माझी स्कूटर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'माझी परदेशवारी'. परदेशवारी आता आपल्यातल्या निम्म्या लोकांची झालेली आहे. कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणाचा मुलगा दुबईत. सिंगापूरच्या उंच इमारतींचं वर्णन ऐकायला तुम्ही सुरतेहून, पुण्याहून, धुळ्याहून प्रकाशाला आलेला नाहीत. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलते. ही जी माझी लाल स्कूटर आहे, ती घेऊन मी मोठ्या बोटीवर चार रात्री कशी राहिले, एवढंच.

सकाळपासून हिच्याभोवती गर्दी आहे. "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न सात जणांनी विचारला. रस्ता सपाट असेल तर एका चार्जिंगमध्ये पंधराएक किलोमीटर. प्रकाशाच्या बसस्टँडपासून शाळेपर्यंतचा रस्ता त्यात धरू नका.

तुम्ही मला कॅलिपर आणि कुबडीवर बघितलेलं आहे. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. आपल्या देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे आमचा माल आता नव्याने येत नाही, जुना स्टॉक तेवढा शिल्लक आहे. (हसू नका, खरं आहे.) आणि या जुन्या स्टॉकचं एक दुखणं असतं. ज्या स्नायूंनी चाळीस-पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या वाट्याचं काम केलं, ते उतारवयात पुन्हा थकायला लागतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पंचावन्नाव्या वर्षी माझे खांदे गेले. कुबडी सुटली. मग मुलाने ही स्कूटर घेऊन दिली.

मुलगा सिंगापूरला असतो. २०२३ च्या डिसेंबरात तो म्हणाला, "आई, सगळे मिळून क्रूझवर जाऊ. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत." आमचे हे लगेच म्हणाले, "हिचं कसं होणार?" सूनबाईने त्यांना उत्तर न देता बोट-कंपनीला ईमेल लिहायला घेतली. त्या मुलीचं मला कौतुक आहे. तिने पहिला प्रश्न विचारला तो दाराच्या रुंदीचा.

हे नीट सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी म्हातारे आईवडील आहेत आणि तुमचेही गुडघे आता बोलायला लागलेले आहेत. बोटीवरच्या साध्या केबिनचं दार बावीस-तेवीस इंचांचं असतं. माझी स्कूटर एकवीस इंच रुंद. कागदावर ती आत जाते. प्रत्यक्षात बाहेरचा बोळ इतका अरुंद असतो की स्कूटर दारासमोर वळवताच येत नाही. 'बाहेरच ठेवू' म्हणाल, तर ते चालत नाही. आग लागली तर तोच बोळ सगळ्यांचा पळण्याचा रस्ता, म्हणून तिथे कुणाचीही वस्तू ठेवू देत नाहीत. स्कूटर केबिनमध्येच ठेवायची, चार्जिंगही तिथेच. यासाठी प्रत्येक मोठ्या बोटीवर थोड्या वेगळ्या केबिन असतात. दार बत्तीस इंच, न्हाणीघराला उंबरा नाही, अंघोळीला बसायला फळी, भिंतीला धरायचे दांडे. त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. आमच्या वाट्याची शेवटची होती. तिच्यासाठी मुलाने तारीख दहा दिवस पुढे ढकलली.

बॅटरीचं गणित विमानासाठी करावं लागतं. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. माझी बॅटरी २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे २४० वॉट-तास. काढता येणारी लिथियमची एक बॅटरी असेल तर विमानात ३०० पर्यंत चालते. ती काढायची, तिच्या टोकांचा कशाला स्पर्श होणार नाही असं झाकायचं आणि सोबत केबिनमध्ये घ्यायची. आधी कळवून विमान कंपनीची परवानगीही घ्यावी लागते. आपल्या वर्गात भौतिकशास्त्रात मला पस्तीस मार्क होते, पण हे गणित मी विमानतळावर तीन वेळा न चुकता करून दाखवलं. तिथल्या माणसाने ते मला विचारलंच नाही. त्याने ह्यांना विचारलं, "यांना चालता येतं का?" मी समोर बसलेली. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "त्यांनाच विचारा." चाळीस वर्षांच्या संसारातली ही एक मोठी कमाई.

बोट अकरा-बारा मजली. आपल्या तापीला बॅरेज झाल्यापासून वर्षभर पाणी दिसतं, पण नाव म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे अजून अस्थिविसर्जनाला नेणारी होडीच येते. त्यामुळे धक्क्यावरून वर बघताना मान दुखली. आत जायचा उतार असतो, त्याला गँगवे म्हणतात. भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा चढ बदलतो. सकाळी सपाट असलेला दुपारी अंगावर येतो. तिथे स्कूटर मागे झुकली की काळजात धस्स होतं. मागे कुणीतरी उभं राहावं लागतं, हे मी कबूल करते.

निघण्याआधी सगळ्यांची कवायत घेतात. इटलीजवळ जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची बोट खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. तिथे शेवटच्या बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून नियम कडक झाला. कवायतीत मी विचारलं, "लिफ्ट बंद पडल्यावर माझं काय?" त्यांच्याकडे यादी होती. माझ्या केबिनचा नंबर, उचलून न्यायची खास खुर्ची, कोणते दोन कर्मचारी येणार, सगळं लिहिलेलं. मला भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. माझा विचार मी पोचायच्या आधी कुणीतरी करून ठेवला होता.

हे सगळं कंपन्यांच्या चांगुलपणातून आलेलं नाही हेही सांगते. अमेरिकेत अपंग प्रवाशांनी एका मोठ्या क्रूझ कंपनीवर खटला भरला होता, स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन. कंपनीचं म्हणणं, आमच्या बोटीवर बहामाचा झेंडा, तुमचा अपंगांचा कायदा आम्हाला लागू नाही. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आमच्या बंदरातून प्रवासी घेता ना, मग कायदा लागू आहे. बोटीचा सांगाडाच बदला असं नाही, पण लागू आहे. ते लोक भांडले, आणि त्या भांडणाचा थोडा वाटा प्रकाशाच्या एका मुलीला मिळाला असं मी मानते.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. हे घोरत होते. मी पलंगावरून स्कूटरवर सरकले, शाल घेतली, दार बटणाने उघडलं आणि बाहेर पडले. लिफ्टने वर गेले. जाड गालिच्यावर स्कूटर हळू चालते, बॅटरीही जास्त खाते, पण पोचले. डेकच्या दाराशी उंबरा नव्हता, छोटा उतार होता. बाहेर वारा, अंधार, आणि खाली पाण्याचा आवाज. एक सफाई कामगार डेक धूत होता, त्याने 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि तो पुन्हा कामाला लागला. "सोबत कोण आहे?" असं त्याने विचारलं नाही. मी तिथे तासभर बसले. सूर्य उगवला तो काही आपल्या संगमावरच्यापेक्षा वेगळा नव्हता.

बासष्ट वर्षांत मी पहिल्यांदा कुणालाही न सांगता कुठेतरी गेले होते.

हे तुम्हाला पटकन कळणार नाही. तुम्ही रोज जाता. मी मात्र आयुष्यात जिथे गेले तिथे आधी हाक मारावी लागली. आईला, भावाला, मग ह्यांना. आणि शाळेत तुम्हाला. संगमावरच्या सहलीत घाटाच्या पायऱ्यांवरून तुम्ही हातांची पालखी करून मला उतरवलं होतं, आठवतं? चौघींपैकी तिघी आज इथे आहेत. मी ते विसरणार नाही. तुम्ही एकदाही कंटाळला नाहीत. पण आज एक गोष्ट सांगते, जी तेव्हा सांगितली नव्हती. शाळेत मी पाणी पीत नसे. सकाळी घरून एक पेला पिऊन निघायची ते संध्याकाळी घरी पोचेपर्यंत काही नाही. मे महिन्यातल्या जादा तासांनासुद्धा. कारण मुलींच्या मुतारीला चार पायऱ्या होत्या, आणि दिवसातून दोनदा मैत्रिणींना 'मला तिकडे न्या' म्हणायची लाज वाटायची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला वाटतेच.

बोटीवरही सगळं गोड नव्हतं. पेनांगला बोट थेट धक्क्याला लागली, मी खाली उतरले. जॉर्जटाऊन हे जुनं सुंदर शहर, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे दुकानांपुढे पाच फूट रुंदीच्या ओसऱ्या असतात, उन्हापावसात चालण्यासाठी केलेल्या. पण प्रत्येक दुकानाची ओसरी वेगळ्या उंचीची. एक वर, एक खाली. सगळे सावलीतून चालले, मी उन्हात रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून. वारसा म्हणजे पायऱ्या, हे आपल्या दक्षिण काशीत राहून मला माहीत होतंच.

फुकेतला बोट किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभी राहिली. किनाऱ्यावर छोट्या होडीने न्यायचं, तिला टेंडर म्हणतात. बॅटरीची स्कूटर टेंडरमध्ये घेत नाहीत, असा आमच्या बोटीचा नियम होता. एक अधिकारी फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आमची दोन मुलं तुम्हाला उचलून साध्या खुर्चीत बसवतील, आम्ही नेहमी करतो." होडी हेलकावे घेत होती. दोन अनोळखी तरुण मुलं, माझ्या काखेत हात घालणार. मी नको म्हटलं. घरच्यांना बळेच पाठवलं. दिवसभर बोटीवर राहिले, चहा घेतला, लायब्ररीत बसले. फुकेत मी लांबून बघितलं, हिरवं दिसतं. वाईट वाटलं का? वाटलं. पण तो निर्णय माझा होता.

तुमच्यापैकी कुणी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचा विचार करत असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा, कोणत्या बंदरात बोट धक्क्याला लागते आणि कुठे होडीने न्यावं लागतं. लक्षद्वीपला मोठी बोट बाहेर उभी राहते. एजंट हे आपणहून सांगत नाहीत, ते जेवणात जैन थाळी आहे हे सांगतात.

आता शाळेकडे येते. माझं भाषण मी व्यासपीठाच्या खालून करते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वर यायला पाच पायऱ्या आहेत. सकाळी तिघेजण म्हणाले, "आम्ही उचलतो ना!" मला माहीत आहे, उचलाल. पण तुमच्यापैकी एकाची बायपास झाली आहे आणि दुसऱ्याच्या कमरेला पट्टा आहे.

आपल्या बॅचने जमवलेल्या पैशातून शाळेला कमान बांधायचं ठरतं आहे. कमानीला माझा विरोध नाही, माझी वर्गणी तिच्यात आहे. पण मुख्याध्यापक सरांनी काल सांगितलं की आठवीत एक मुलगी आहे, तिचे वडील तिला रोज वर्गापर्यंत उचलून आणतात. सरांना मी विचारलं नाही, ती पाणी पिते का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात लिहिलेलं आहे की शाळेची इमारत आणि आवार अशा मुलांना वापरता येईल असं हवं. कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त सिमेंट नाही.

हिशोब सोपा आहे. एक इंच चढाला बारा इंच लांबी. आपल्या ओसरीला तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच धरल्या तर अठरा इंच. म्हणजे अठरा फूट लांबीचा उतार, चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली वळायला पाच-पाच फूट मोकळी जागा. घसरगुंडी करायची नाही. पुष्कळ ठिकाणी जागा वाचवायला इतका उभा उतार करतात की त्यावरून फक्त मोटारसायकल चढते. आणि मुलींच्या स्वच्छतागृहापैकी एकाचं दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं, आत दांडा. व्यासपीठाचं पुढच्या वर्षी बघू, मला खालूनही ऐकू जातं.

आपल्या वर्गातले दोघे बांधकामाचे ठेकेदार आहेत, आणि दोघेही आत्ता माझी नजर चुकवत आहेत. टेप माझ्या पिशवीत आहे. चहाला अजून अर्धा तास आहे. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी ओसरीवर या.