बेल्ट किंचाळतो तेव्हा



मे महिन्याच्या दुपारी नागपुरात गांधीबागेच्या कापड बाजारातून ज्यांनी मोटार काढली आहे, त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. पुढे गाठी लादलेला हातठेला, मागे ऑटोचा हॉर्न, एसी सुरू आणि गाडी पावलापावलानं सरकते आहे. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. तेवढ्यात इंजिनाकडून किंचाळी ऐकू येते. आपण एसी बंद करतो, आवाज थांबतो, आपण विसरतो. विसरू नका, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

ज्याला आपण अजूनही फॅनबेल्ट म्हणतो, तोच बेल्ट अल्टरनेटर फिरवतो, एसीचा काँप्रेसर फिरवतो, अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही. भार वाढला आणि ताण कमी पडला की तो पुलीवर घसरतो. घसरून तापतो, तापून गुळगुळीत होतो, मग आणखी घसरतो. त्यावर साबण किंवा पावडर लावली तर आवाज काही वेळ दबतो, दुखणं तसंच राहतं.

हा बेल्ट घरी बदलता येतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. पाना हातात घेण्याआधी बेल्ट कुठून कुठे वळतो त्याचा फोटो काढा. नव्या गाडीत टेन्शनर पान्यानं फिरवला की बेल्ट सैल पडतो. जुन्या गाडीत अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करावे लागतात. काही गाड्यांत चाक काढूनच हात पोचतो. तिथे नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

बेल्ट निघाला की घाई नको, कारण खरी तपासणी इथेच आहे. प्रत्येक पुली हातानं फिरवा. खरखर किंवा डगमग जाणवली तर बेअरिंग गेलं आहे, आणि तिथे नवा बेल्टही टिकणार नाही. ऑइल गळत असेल तर आधी ती गळती थांबवा. नव्या जातीच्या रबराला सहसा भेगा पडत नाहीत. त्याच्या खाचा झिजतात, म्हणून नुसत्या भेगा शोधून भागत नाही.

दुकानात जुना बेल्ट घेऊन जा. ‘६पीके११००’ म्हणजे सहा धारा आणि ११०० मिलिमीटर लांबी. बसवताना प्रत्येक धार खाचेत बसली का, ते बोटानं चाचपून पाहा. जुन्या पद्धतीचा बेल्ट हौसेनं फार आवळू नका, अल्टरनेटरचं बेअरिंग जातं. ताण किती हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

आणि टायमिंग बेल्टला मात्र घरी हात लावू नका. तो एक दात चुकला तरी इंजिनाचा मेळ बिघडतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला किंवा फार सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. ते काम जाणत्या मेकॅनिकलाच द्या.