दिंडीसंगं आलेली संत कान्होपात्रा
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. तिचा इतिहास वडीलधारी मंडळी सांगतीलच. आम्ही आज एका बाईबद्दल बोलणार आहोत. ती दिंडीसंगं पंढरीला एकदाच गेली, ती माघारी आलीच नाही. ती म्हणजे मंगळवेढ्याची संत कान्होपात्रा.

मंगळवेढं म्हणजे दामाजीपंतांचं गाव. चोखोबांनी देह ठेवला तो तिथंच. त्याच गावात शामा नावाची गणिका होती, तिची ही मुलगी. रूप असं, की दुसरी अशी सापडायची नाही. आईचा धंदा लेकीनं करावा ही त्या काळची रीत. गावच्या पुढाऱ्याची, सदाशिव मालगुजाराची, तिच्यावर नजर. पैसा घरात, पण सुटका कुठंच नाही.

अशात दारावरनं दिंडी चालली. टाळ-मृदंगाचा आवाज ऐकून ती बाहेर आली. कुणाला भेटायला निघालात, असं तिनं विचारलं. वारकऱ्यांनी विठोबाचं वर्णन केलं. मग तिनं विचारलं, माझ्यासारखीला तो पदरात घेईल का? ते म्हणाले, घेईल. तेवढ्या शब्दावर ती निघाली. कोणी सांगतात, संगं हौसा नावाची दासी होती. बाप्या माणूस मात्र कोणी नव्हता. महीपतीबुवांनी भक्तविजयात तिची कथा घेतली, तवापासून कीर्तनात ती सांगतात.

पंढरीत ती झोपडी करून राहिली. सगळा साज टाकला, वैरागिणीचा वेष घेतला. रोज देवळाची झाडलोट करायची आणि अभंग म्हणायचे. लोकांना वाटायचं, कुणा गरीब कुणब्याची पोर आहे, विठोबाच्या वेडानं अशी झाली. कोण, कुठली, तिनं सांगितलं नाही.

मंडळी, आता एक बघा. मुक्ताईला भाऊ होते. जनाबाईला नामदेवांचं घर होतं. सोयराबाईला चोखोबा होते. बहिणाबाईला तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. कान्होपात्रेला गुरू नाही, घराणं नाही, पाठीशी कोणी नाही. तिच्या बाजूनं पहिला शब्द बोलले ते रस्त्यानं जाणारे वारकरी. त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. बेदरच्या बादशहाच्या कानावर तिचं रूप गेलं. शिपाई आले, देवळाला वेढा पडला. ती म्हणाली, एकदा देवाला भेटून येते. वाघाच्या तोंडात सापडलेल्या जिवासारखी आपली गत आहे, असं तिनं अभंगात विठोबाला सांगितलं. पायावर डोकं ठेवलं आणि तिथंच प्राण सोडला. देवळातच दक्षिणेच्या अंगाला तिला ठेवलं आणि त्या जागी तरटी उगवली, असं सांगतात.

तरटी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. माळरानात आपोआप येणारं काटेरी झाड. त्याला कोणी खतपाणी घालत नाही, उलट बांधावर आलं तर तोडतो. ते पंढरीच्या राउळात आलं आणि लाखो लोक त्याच्या पाया पडतात. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, नामदेवांचं ठिकाण पायरीत आहे. गणिकेच्या लेकीला जागा देवळाच्या आत मिळाली. मंगळवेढ्यातही तिचं लहानसं देऊळ आहे. अभंग हाती राहिले ते जेमतेम वीस-तीस. 1931 साली बालगंधर्वांनी तिचं नाटक रंगभूमीवर आणलं, आणि तिचा अभंग ज्यांनी कधी वारी केली नाही त्यांच्याही घरात गेला.

आता हे सारं आज सांगायचं कारण. अलीकडं नोंदणीच्या वेळी बैठकीत एक विषय हटकून निघतो. एकटी बाई आली तर दिंडीत घ्यायची का? कोणी म्हणतं, घरचा माणूस संगं पाहिजे, उद्या काय झालं तर जबाबदारी कोणाची? हे म्हणणं अगदीच खोटं नाही. रस्त्याला गाड्यांची गर्दी असते, मुक्काम उघड्यावर असतो, काळजी घ्यावीच लागते. पण काळजी घेणं निराळं आणि माघारी लावणं निराळं. नवऱ्यानं टाकलेली असंल, पोरं विचारत नसतील, भिशीला पुरते पैसे नसतील. ती सगळीकडं विचारून थकलेली असती, म्हणून तर आपल्या राहुटीशी येती.

आमचं मागणं एवढंच, की शंभराव्या वर्षी या दिंडीनं एक ठराव करावा. एकटी बाई आली तर तिचं नाव लिहा, गाव लिहा, कोणाचा तरी फोन नंबर लिहा. बायकांच्या राहुटीत तिला जागा द्या, पंगतीला बसवा. जाणत्या दोन बायांनी तिच्यावर लक्ष ठेवावं. भिशी कमी पडली तर आपण सगळ्यांनी वाटून घालावी. मागचं आयुष्य मात्र कोणी उकरू नये.

त्या दिवशी मंगळवेढ्यात वारकरी म्हणाले असते, बाई, तुझ्यासंगं कोण आहे ते आधी सांग, तर ती परत जिना चढून वर गेली असती. मग राउळात तरटी नसती आणि आपल्याला अभंगही मिळाले नसते. आपल्या दारी कोण येती ते आपल्याला कळत नाही. म्हणून येईल तिला घ्यावं.

काही अधिकउणं बोललो असलो तर लेकरू समजून पदरात घ्या. बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल. संत कान्होपात्रा महाराज की जय. रामकृष्ण हरी.