पुन्हा भेटीचा शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'रियुनियन' असे सांगितले. त्यांना वाटले, मी आमच्या शाळेच्या मेळाव्याची हकीकत सांगणार. तसे नाही. मला त्या शब्दाचीच हकीकत सांगायची आहे. आपल्या आयांच्या बोलण्यात हा शब्द नव्हता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला कुणाचे ना कुणाचे रियुनियन असते. दहावीच्या तुकडीचे, कॉलेजचे, जुन्या चाळीचे. माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. एखादा नवा शब्द घरात आला की त्याचे गाव आणि कूळ विचारल्याशिवाय मला राहवत नाही. नव्या सुनेला आपण विचारतो तसेच!

शब्दाचे कूळ लॅटिन आहे. 'ऊनुस' म्हणजे एक. त्यावरून 'युनियन' म्हणजे एक होणे, आणि त्याला मागे 'रि' लागला की पुन्हा एक होणे. फ्रेंचांकडून हा शब्द इंग्रजीत आला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीस. त्या काळी तो जिवलगांच्या भेटीसाठी फारसा कोणी वापरत नसे. फुटलेले धर्मपंथ पुन्हा एक व्हावेत, तुटलेले राज्य पुन्हा जोडले जावे, अशा मोठ्या कारभाराचा तो शब्द होता.

आता गंमत पाहा. १६७९ पासून पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने मेट्झ, बेझांसों, ब्रायझाख अशा ठिकाणी न्यायमंडळे नेमली. त्यांचे नावच 'रियुनियनची न्यायमंडळे' असे होते. जुने दस्तऐवज उकरून काढायचे, अमुक मुलूख पूर्वी तमुक गावाच्या ताब्यात होता असे सिद्ध करायचे, आणि तो फ्रान्सला 'पुन्हा' जोडायचा, हे त्यांचे काम. १६८१ मध्ये तर स्ट्रासबुर्ग शहरच सैन्य पाठवून घेतले. शेजाऱ्याचे कुंपण सरकवायचे आणि म्हणायचे, ही जागा मुळात आमचीच! १६९७ च्या तहात लुईला बराच मुलूख परत द्यावा लागला. स्ट्रासबुर्ग मात्र त्याने ठेवून घेतले. यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'पुन्हा एक' म्हणताना पूर्वी कोण एक होते, हे ज्याच्या हाती कागद असतो तो ठरवतो.

या शब्दाचे नाव एका बेटालाही आहे. हिंदी महासागरात मॉरिशसच्या शेजारी रेयुनियों नावाचे फ्रेंचांचे बेट आहे. पूर्वी ते राजघराण्याच्या नावाने बुर्बों म्हणून ओळखले जाई. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये राजसत्ता उलथली. त्या दिवशी मार्सेयचे क्रांतिकारक आणि पॅरिसचे राष्ट्ररक्षक एकत्र आले, त्याची आठवण म्हणून १७९३ मध्ये बेटाला हे नाव मिळाले, असे सांगतात. नाव एकत्र येण्याचे. पण बेटावरची माणसे आफ्रिकेतून आणि मादागास्करहून तोडून आणलेले गुलाम. २० डिसेंबर १८४८ रोजी सुमारे ६० हजार गुलाम तिथे मुक्त झाले. उसाच्या मळ्यांसाठी पुढे हिंदुस्थानातून मजूर नेले, ते बहुतेक दक्षिणेकडचे. शेजारच्या मॉरिशसमध्ये मात्र आपलीही माणसे गेली. रत्नागिरी, सातारा या भागांतले लोक मुंबई बंदरातून करारावर गेले आणि तिथेच राहिले. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, ती या लोकांच्या वंशजांमुळे.

त्या मजुरांपैकी फार थोड्यांना घरचे दर्शन पुन्हा घडले. तरी त्यांच्या पणतवंडांतले काही जण आज आपल्या मुळाचा शोध घेऊ शकतात. का? तर त्या वेळच्या सरकारी वह्यांत प्रत्येक मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. त्या वह्या मॉरिशसच्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. कारकुनांनी त्या मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिल्या. पण एक ओळ लिहून ठेवली म्हणून शंभर-दीडशे वर्षांनी कोणी आपल्या गावाचे नाव वाचू शकते.

असो. मूळ शब्दाकडे वळू. १८२० च्या सुमारास इंग्रजीत रियुनियनला आजचा अर्थ आला: पूर्वी ओळख असलेल्या, मध्यंतरी पांगलेल्या माणसांनी ठरवून पुन्हा जमणे. हा बदल त्या शतकाला शोभणाराच होता. शिकायला, नोकरीला, दुसऱ्या खंडात नशीब काढायला माणसे घराबाहेर पडू लागली होती, आणि आगगाडीने त्यांना परत येण्याचीही सोय केली. अमेरिकेतल्या कॉलेजांनी ठरावीक वर्षांनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावण्याची प्रथा रूढ केली. गंमत अशी की आजच्या फ्रेंचांत 'रेयुनियों' म्हणजे नुसती बैठक. आपल्या कार्यकारिणीची मासिक सभासुद्धा त्यांच्या भाषेत रेयुनियोंच! त्यांच्या शब्दातला 'पुन्हा' झिजून गेला. इंग्रजीने तो राखला.

भगिनींनो, या शब्दाचे खरे मोल मला कळले ते अमेरिकेतल्या गुलामांच्या इतिहासात. तिथे आईपासून लेकरू, नवऱ्यापासून बायको तोडून बाजारात विकली जात. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि मुक्त झालेली माणसे आपल्या माणसांना शोधू लागली. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट' या पत्रात १८७७ पासून 'हरवलेली जिवलग माणसे' अशा अर्थाचे एक सदरच सुरू झाले. ५० सेंट दिले की जाहिरात छापून येई. वर्गणीदारांना ती फुकट. संपादकांची विनंती असे की धर्मोपदेशकांनी ही पत्रे रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावीत, कारण ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते.

या पत्रांत काय असे? माझ्या आईचे नाव अमुक. आमचा मालक तमुक. त्याने मला या साली त्याला विकले. भावंडांची नावे ही. एवढेच. आणि अडचण नेमकी नावाचीच असे. गुलामाचे आडनाव बहुधा मालकाचे. मालक बदलला की नाव बदलण्याचा संभव. आई एका नावाने शोधते आहे आणि लेक दुसऱ्या नावाने चार कोसांवर राहते आहे, असेही झाले असेल. हे सदर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. त्यातल्या फारच थोड्यांची भेट झाल्याची नोंद सापडते.

त्याच देशात त्याच काळात दुसरेही एक रियुनियन थाटामाटात झाले. १८६३ साली गेटिसबर्गला मोठी लढाई झाली होती. तिच्या पन्नासाव्या वर्षी, १९१३ च्या जुलैत, दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून अधिक वृद्ध सैनिक त्याच रणांगणावर तंबू ठोकून राहिले. ज्या दगडी भिंतीपाशी त्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, तिच्यावरून त्यांनी हस्तांदोलन केले. दृश्य हृद्य होते यात शंका नाही. पण अध्यक्ष विल्सन यांनी तिथे जे भाषण केले, त्यात ज्या गुलामगिरीमुळे युद्ध पेटले तिचा उल्लेखही नव्हता. उत्तर आणि दक्षिण पुन्हा एक झाली, पण आपली आई शोधणारी काळी माणसे त्या एकीत धरलेलीच नव्हती. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराने २००१ साली 'रेस अँड रियुनियन' या ग्रंथात हेच सविस्तर मांडले आहे.

पुढच्या काळात या शब्दाला पुन्हा जुने काळीज मिळाले ते कोरियात. १९५० ते १९५३ च्या युद्धाने तिथली असंख्य कुटुंबे फुटली. ३० जून १९८३ रोजी दक्षिण कोरियाच्या दूरदर्शनने हरवलेल्या नातेवाइकांसाठी एक कार्यक्रम केला. तो दीड-पावणेदोन तासांचा ठरला होता. पण सोलच्या त्या इमारतीबाहेर माणसांची रीघ लागली. गळ्यात फलक अडकवून, भिंतीवर कागद चिकटवून लोक उभे राहिले. कार्यक्रम १३८ दिवस चालला आणि १०,१८९ भेटी झाल्या. मधल्या सरहद्दीमुळे उत्तर कोरियातल्या आप्तांची भेट मात्र याहून अवघड. २००० ते २०१८ या काळात अशा समोरासमोरच्या भेटींच्या २१ फेऱ्या झाल्या. दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक वाट पाहतच गेले.

आता घरी येऊ. मराठीत पुन्हा भेटण्याला शब्द कमी नाहीत. गाठभेट आहे, मेळावा आहे, पुस्तकी का होईना पण पुनर्मीलन आहे. आणि बायकांसाठी तर आपल्या पूर्वजांनी भेटी पंचांगातच लिहून ठेवल्या: नागपंचमी, मंगळागौर, भाऊबीज. भाद्रपदात येणारी गौरसुद्धा माहेरवाशीणच. पण या सर्व भेटी रक्ताच्या नात्यांच्या. शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण पुन्हा भेटावी अशी तिथी पंचांगात नाही. ती जागा 'रियुनियन' या परक्या शब्दाने भरून काढली, आणि म्हणूनच तो आपण इतक्या चटकन घरात घेतला, असे मला वाटते.

आणि इथेच माझे खरे म्हणणे आहे. गेल्या काही वर्षांत अशा मेळाव्यांच्या याद्या माझ्या नजरेखालून गेल्या. जुन्या हजेरीपटावरचे मुलगे भराभर सापडतात. नाव तेच, आडनाव तेच. मुलींपुढे मात्र प्रश्नचिन्ह. कारण उघड आहे. लग्नात आपल्याकडे आडनाव तर बदलतेच. पुष्कळ घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने मुलीचे नवे नावही लिहीत. त्या समारंभातली हौस मी नाकारीत नाही. तिची आणि गुलामांच्या बाजाराची तुलना करणे तर दूरच. पण कारण कोणतेही असो, नाव पुसले की शोधणाऱ्याचा हात रिकामा राहतो, हे दोन्हीकडे सारखे. नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हेही आपण मुलींना सांगायला हवे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचे ठरवले, ते मला म्हणूनच मोलाचे वाटते.

पण ज्यांची नावे बदलून चाळीस-पन्नास वर्षे झाली, त्यांचे काय? यासाठी सरकार नको; आपले मंडळ पुरे. आपल्या सभासदांच्या वहीत 'सौ. अमुक तमुक' एवढेच आहे. माझी सूचना अशी की यंदापासून एक वेगळी वही घालावी. तीत प्रत्येकीचे आजचे नाव, जन्मनाव, आईचे नाव, माहेरचे गाव, शाळा आणि शाळा सोडल्याचे साल लिहावे. बिऱ्हाड हलवून गेलेल्या जुन्या सभासदांची माहिती आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी आठवून सांगावी. आज सांगतील त्या, उद्याचा भरवसा नाही. वही चिटणीसबाईंच्या ताब्यात राहावी. कोणी मैत्रीण शोधत आली, तर आधी आपल्या सभासदाला विचारावे, आणि तिची इच्छा असेल तरच पत्ता द्यावा. सगळ्यांनाच सापडायचे असते असे नाही, याचेही भान हवे.

वही मी आणली आहे. पहिल्या पानावर मी माझे जन्मनाव लिहिले आहे, ते तुमच्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे कोण जाणे. अल्पोपाहार त्याच टेबलावर मांडला आहे, तेव्हा कोणाला टाळता येणार नाही! चहा घेता घेता दोन ओळी प्रत्येकीने लिहाव्यात एवढी विनंती करून मी माझे बोलणे संपवते.